इंजिनीअरिंगची चार वर्षं: प्रवेशाच्या कागदांपासून पदवीच्या अर्जापर्यंत

सप्टेंबरचे दिवस होते. मेकॅनिक्सचा तास संपला आणि बीडकडची एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. वहीत तिने गणित नीट उतरवून घेतलं होतं, पुढे मात्र पान कोरं. म्हणाली, "सर, इथे 'रिझॉल्व्ह द फोर्सेस' लिहिलंय. रिझॉल्व्ह म्हणजे सोडवणे ना? मग फोर्स सोडवायचा कसा?" तिने शब्दकोश बघितला होता. त्यात दिलेला अर्थ खरा होता, पण तो आमच्या विषयातला नव्हता. मेकॅनिक्समध्ये रिझॉल्व्ह म्हणजे तिरक्या बलाचे आडवा आणि उभा असे दोन घटक काढणे. एवढं कळल्यावर तिने माझ्यासमोर पाच मिनिटांत गणित पूर्ण केलं. म्हणजे तो अडलेला आठवडा एका शब्दापायी गेला होता.

पहिल्या वर्षाला शिकवताना हे मी दर वर्षी बघतो. नापास होणाऱ्या बहुतेक मुलांची बुद्धी कमी नसते. या शिक्षणाची रचना त्यांना कुणी सांगितलेली नसते. किती क्रेडिट (म्हणजे विषयाचं वजन), किती हेड (म्हणजे वेगळं पास व्हायचे भाग), कोणते गुण कुणाच्या हातात, कोणत्या आठवड्यात काय संपवायचं, यातलं काहीही माहीत नसताना बारावीच्या सवयीने अभ्यास सुरू होतो आणि डिसेंबरात निकाल हातात येतो. घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनीअर होत असेल तर विचारायचं कुणाला, हाही प्रश्न असतो. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहेत, कारण ती मला जवळची. मुंबई, शिवाजी, अमरावती किंवा लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शब्द आणि आकडे थोडे बदलतील, सांगाडा तोच राहतो.

प्रवेशाआधी: पात्रता आणि कागद

राज्यातल्या बी. ई. किंवा बी. टेक. प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच. तिसरा विषय बहुतेकांचा केमिस्ट्री असतो, पण नियमात दिलेल्या इतर काही विषयांपैकी एकही चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव गटांना व दिव्यांगांना ४० टक्के लागतात. त्यासोबत एमएचटी-सीईटी. पीसीएम गटाची ही परीक्षा २०० गुणांची असते. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाला, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडून येऊ नका. मॅथ्सला निम्मं वजन आहे आणि पुढे पहिल्या वर्षातही तोच विषय सगळ्यांत जास्त मुलांना अडवतो. म्हणून सीईटीसाठी केलेला मॅथ्सचा अभ्यास परीक्षेनंतर गुंडाळून ठेवू नका. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स आणि त्रिकोणमितीची सूत्रं सुट्टीत आठवड्यातून दोनदा तरी हाताखालून जाऊ द्या.

कागदांचं काम मात्र बारावीचा निकाल लागण्याची वाट न बघता सुरू करा. डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस. सगळ्यांत जास्त वेळ जातो तो जात वैधतेला. अकरावीत असतानाच अर्ज टाकला तर पुढची धावपळ वाचते. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे घरातला जुना दाखला चालेल असं गृहीत धरू नका, तारीख वाचा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही आत्ताच बघा. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर पुढची चार वर्षं ते पाठ सोडत नाही.

फीचं गणितही आधीच मांडा. टीएफडब्ल्यूएस या योजनेत मंजूर जागांच्या ५ टक्के जास्तीच्या जागा असतात आणि तिथे ट्यूशन फी माफ होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' असतं. तो पसंतीक्रमात वेगळा भरावा लागतो. पात्र असूनही हा कोडच न भरल्यामुळे संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हेही लक्षात घ्या. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं. मात्र प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह आणि मेस यात येत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज दर वर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाने करावा लागतो. पहिल्या वर्षी केला म्हणजे पुढे आपोआप होतं, असं नाही.

पसंतीक्रम भरताना

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जिथे खरंच जायचंय. नंतरच्या फेऱ्यांत कितव्या पसंतीपर्यंत जागा स्वीकारणं बंधनकारक आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. मागच्या वर्षी दादाने किंवा ताईने सांगितलेल्या नियमावर जाऊ नका. गेल्या वर्षीचे कट-ऑफ बघताना आपली होम युनिव्हर्सिटी (साधारणपणे बारावी ज्या विद्यापीठाच्या भागात झाली ते) आणि आपला गट यांचाच रकाना बघा. शेजारच्या रकान्यातला आकडा तुमच्या कामाचा नाही.

कॉलेज की शाखा, यावर माझं मत स्पष्ट आहे. पुण्याचं सीओईपी (सुरुवात १८५४, आता स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ), माटुंग्याचं व्हीजेटीआय (१८८७) किंवा सांगलीचं वालचंद (१९४७) यांसारख्या जुन्या, भक्कम प्रयोगशाळांच्या कॉलेजात न आवडणारी नसेल अशी कोणतीही शाखा मिळत असेल तर घ्या. त्याखालच्या कॉलेजांमध्ये मात्र शाखा आधी बघा. आणि तिथे एकदा स्वतः जाऊन या. कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता लॅबमध्ये मुलं आहेत का, लेथवर तेल आहे का, नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक या सत्राचं आहे का, शिक्षकांच्या खोलीत माणसं बसलेली दिसतात का, एवढं बघितलं तरी रंगीत माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

सिलॅबसची पीडीएफ वाचायला शिका

प्रवेश झाल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या शाखेचा, आपल्या पॅटर्नचा सिलॅबस उतरवून घ्या. 'आपल्या पॅटर्नचा' हे महत्त्वाचं. पुणे विद्यापीठात २०१९ च्या पॅटर्ननंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४ चा पॅटर्न आला. विषयांची नावं सारखी दिसली तरी युनिट बदलतात आणि वरच्या वर्गातल्या मुलाच्या जुन्या नोट्स अर्ध्या उपयोगी पडतात.

त्या पीडीएफच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. त्याची प्रिंट काढा आणि टेबलासमोर चिकटवा. उभ्या रकान्यांत थिअरी, टीडब्ल्यू म्हणजे टर्मवर्क, पीआर म्हणजे प्रॅक्टिकल, ओआर म्हणजे ओरल, ट्युटोरियल आणि शेवटी क्रेडिट असतात. आठवड्याला थिअरीचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, ट्युटोरियलचा एक तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट, असा सर्वसाधारण हिशेब. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटची आहे. काही विद्यापीठांत थोडी जास्त होते. ऑनर्स किंवा मायनर, म्हणजे जादा विषयांचा संच, घेतलं तर १८ ते २० क्रेडिट वरचे.

यातली खरी मेख अशी की एकाच विषयाचे अनेक 'हेड' असतात आणि प्रत्येकात वेगळं पास व्हावं लागतं. थिअरीत ८० गुण मिळवून टर्मवर्कमध्ये नापास झालेला मुलगा त्या हेडमध्ये नापासच असतो. थिअरीच्या १०० पैकी पुणे विद्यापीठात ३० गुण सत्र चालू असतानाच्या मूल्यमापनाचे आणि ७० सत्रअखेरच्या परीक्षेचे. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या रचनेत ही विभागणी २० आणि ८० अशी आहे. एकत्रित किती हवेत आणि सत्रअखेरीच्या पेपरात स्वतंत्र किती हवेत, हे नियमपत्रकातून वहीत लिहून ठेवा.

क्रेडिटचा निकालावर काय परिणाम होतो ते एका सत्राच्या उदाहरणाने दाखवतो. समजा सत्र २२ क्रेडिटचं आहे. मॅथ्स ४ क्रेडिट, ग्रेड पॉइंट ६. फिजिक्स ५ क्रेडिट, पॉइंट ७. मेकॅनिकलचा विषय ४ क्रेडिट, पॉइंट ८. इलेक्ट्रिकल ४ क्रेडिट, पॉइंट ५. प्रोग्रामिंग ४ क्रेडिट, पॉइंट ९. वर्कशॉप १ क्रेडिट, पॉइंट १०. गुणाकार केले तर २४, ३५, ३२, २०, ३६ आणि १०, बेरीज १५७. भागिले २२, म्हणजे एसजीपीए (सत्राची सरासरी) ७.१४. आता फक्त इलेक्ट्रिकल ५ वरून ८ वर नेलं तर बेरीज १६९ होते आणि एसजीपीए ७.६८. एका विषयाने अर्ध्या पॉइंटपेक्षा जास्त फरक पडला. त्याउलट एक क्रेडिटच्या विषयात ग्रेड एकाने वाढवली तर जेमतेम ०.०५ वाढतात. प्रॅक्टिकल फाइलला मुखपृष्ठ सजवण्यात तीन संध्याकाळी घालवण्याआधी हे गणित एकदा मांडून बघा.

याच दिवसांत डिजिलॉकरमधून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचा आयडी काढून घ्या. मिळवलेले क्रेडिट त्यात जमा होतात, आणि परीक्षेचा फॉर्म भरताना तो आयडी हमखास मागतात.

पहिल्या वर्षाचे अडवणारे विषय

मेकॅनिक्स माझा विषय, त्यामुळे त्यावर थोडं थांबतो. या विषयाची गुरुकिल्ली फ्री बॉडी डायग्राम आहे, म्हणजे वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती. ५० किलोचं वजन दोन दोऱ्यांनी टांगलंय, एक दोरी आडव्याशी ३० अंशांत आणि दुसरी विरुद्ध बाजूला ६० अंशांत. दोन्ही दोऱ्यांतला ताण काढा. मुलं लगेच कॅल्क्युलेटर उचलतात. तसं करू नका. आधी गाठीचा एक ठिपका काढा. त्यातून तीन बाण: खाली वजन, वर दोन्ही बाजूंना ताण. वजन किलोत दिलंय, बल न्यूटनमध्ये हवं, म्हणून ५० गुणिले ९.८१, म्हणजे ४९०.५ न्यूटन. इथेच अर्धा वर्ग चुकतो. मग आडव्या दिशेची बेरीज शून्य, उभ्या दिशेची बेरीज शून्य. दोन समीकरणं, दोन अज्ञात. ३० अंशांच्या दोरीत २४५.२५ न्यूटन आणि ६० अंशांच्या दोरीत ४२४.८ न्यूटन. उत्तर आलं की एक प्रश्न स्वतःला विचारा: जास्त उभी असलेली दोरी जास्त भार घेईल, हे पटतंय का? पटतंय. उलटं आलं असतं तर सायन-कोसायनची अदलाबदल झाली, हे तिथेच कळलं असतं. पेपर तपासताना बरोबर आकृतीला आणि समीकरणांना गुण असतात. शेवटचा आकडा चुकला म्हणून सगळं गेलं असं होत नाही, पण आकृतीच नसेल तर गुण द्यायचे कशाला?

एकदा हे हातात बसलं की रोज दोन गणितं पुरेत. मात्र सोडवलेलं गणित वाचणं आणि सोडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर, पहिल्या बाणापासून करायचं.

ग्राफिक्समध्ये डोळ्यांना वळण लावावं लागतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे: समोरचा देखावा वर, वरून दिसणारा खाली, आणि डाव्या बाजूने दिसणारा देखावा उजवीकडे येतो. हे उलटं वाटतं, म्हणून दर वर्षी चुकतं. साबणाची वडी घ्या, सुरीने तिला खाच पाडा आणि तिचेच तीन देखावे काढा. घरातल्या वस्तूंवर आठ-दहा वेळा केलं की पुस्तकातल्या आकृत्या सोप्या होतात. मदतरेषा २एच पेन्सिलने हलक्या आणि बाह्यरेषा एचने ठळक. सगळ्या रेषा सारख्याच जाड असलेली शीट बरोबर असूनही वाचता येत नाही.

एम-वनमध्ये, म्हणजे मॅथ्सच्या पहिल्या पेपरात, पार्शल डिफरन्सिएशन, फूरिए सिरीज आणि मॅट्रिक्स यांत सूत्र पाठ असून भागत नाही, हात चालावा लागतो. आयगेन व्हॅल्यू 'एवढ्या मार्कांना येतात' म्हणून करू नका. पुढे मेकॅनिकलला कंपनांमध्ये, इलेक्ट्रिकलला कंट्रोल सिस्टिममध्ये आणि कॉम्प्युटरला मशीन लर्निंगमध्ये त्याच परत भेटतात. प्रोग्रामिंगचं म्हणाल तर आधी कागदावर लिहा, मग प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलची किंमत काय झाली याचा छोटा तक्ता करा, आणि मगच मशिनवर चालवा. परीक्षेत कोड हाताने लिहायचा असतो, तिथे चूक दाखवायला लाल रेघ येत नाही.

केमिस्ट्री-फिजिक्स बारावीच्या जवळचे आहेत. त्यांना वेळेवर वाचलं तर पुरतं.

इंग्रजीची भीती

दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीत पुस्तक इंग्रजी पण क्लासमध्ये सगळं मराठीतून समजावलेलं, अशी निम्मी मुलं माझ्या वर्गात असतात. त्यांनी एक छोटी वही करावी. रोज अडलेले पाच-सहा शब्द, त्या विषयातला अर्थ आणि शक्य असेल तर आकृती. 'रिझॉल्व्ह', 'मोमेंट', 'स्ट्रेस', 'ड्यूटी सायकल', 'पिच' हे शब्द रोजच्या इंग्रजीत एक आणि यंत्राजवळ दुसरं बोलतात. शब्दकोश इथे फसवतो, म्हणून अर्थ शिक्षकांना विचारा. दोन-अडीच महिन्यांत ही वही शे-दोनशे शब्दांची होते आणि पाठ्यपुस्तक वाचता येऊ लागतं. एआयसीटीईने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून इंजिनीअरिंगला परवानगी दिली आणि मराठीतली पाठ्यपुस्तकं ई-कुंभ या पोर्टलवर मोफत ठेवली. इंग्रजीतून शिकणाऱ्यांनीही ती उतरवून घ्यावीत. आधी मराठीत कल्पना समजून घ्यायची, मग तेच पान इंग्रजीत वाचायचं. असं केलेल्या मुलांची ओरल फार चांगली होते, कारण त्यांनी वाक्य पाठ केलेलं नसतं. आणि वर्गात मराठीतून शंका विचारायला लाजू नका. शिक्षकाला शंका हवी असते, तिची भाषा कोणतीही असो.

सत्र कसं चालवायचं

शिकवण्याचे आठवडे बारा ते पंधराच्या दरम्यान मिळतात. विषय साधारण सहा युनिटचा. म्हणजे दोन-सव्वादोन आठवड्यांत एक युनिट. कॉलेजात आठवड्याला तीसेक तास जातात. त्याशिवाय बारा ते पंधरा तास स्वतःचे लागतात, आणि ते रोजचे दोन असावेत. शनिवार-रविवारी भरून काढू, ही योजना मी यशस्वी झालेली पाहिलेली नाही.

वाटणी साधी ठेवा. ज्या दिवशी तास झाला त्याच संध्याकाळी त्या विषयाचं एक गणित किंवा एक आकृती. दर आठवड्याला प्रॅक्टिकलची फाइल त्याच आठवड्यात लिहून त्याच आठवड्यात सही. जर्नल साठवून सत्राच्या शेवटी सबमिशनला रात्रभर कॉपी करणं ही आमच्याकडची जुनी परंपरा आहे आणि तिच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. सबमिशनचा आठवडा आणि ओरल यांच्यात दिवस थोडे असतात. कॉपी केलेल्या जर्नलवर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, पहिलाच प्रश्न विचारतो, "हे रीडिंग कसं घेतलंस?" आणि मुलगा गप्प होतो. स्वतः घेतलेलं रीडिंग असेल, मग ते थोडं चुकलेलं का असेना, त्यावर पाच मिनिटं बोलता येतं.

हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टर यादीत नाव आलं की अर्ज, पालकांची सही, जादा असाइनमेंट यांत आठवडा जातो. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र परत आल्याच दिवशी क्लास टीचरकडे द्या.

सत्रातल्या चाचणीचे गुण हलके घेऊ नका. तिथे पहिली एक-दोन युनिट असतात, अभ्यास कमी, गुण पक्के. ३० पैकी २४ घेऊन सत्रअखेरीला बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा फरक मला हॉलमध्ये दिसतो.

पीएल म्हणजे परीक्षेआधीची सुट्टी. तिच्यात नवीन युनिट सुरू करायचं नसतं. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर वेळ लावून, पूर्ण बसून सोडवायचे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सत्रअखेरच्या पेपरात तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर जोडीजोडीने प्रश्न येतात, प्रत्येक जोडीतला एक सोडवायचा. म्हणजे एखादं युनिट पूर्ण सोडलं तर १७-१८ गुण हातचे गेले. दोन युनिट सोडून 'बाकीचं पक्कं करतो' म्हणणाऱ्याकडे पास होण्यापुरतीच जागा उरते, आणि एका अवघड प्रश्नाने तीही जाते. मुंबईच्या २०१९ च्या रचनेत पहिला प्रश्न सक्तीचा आणि तो सगळ्या सिलॅबसवर असतो, तिथे युनिट सोडणं अजून महागात पडतं. गाइड पेपरच्या आधी चाळा, पण संकल्पना पाठ्यपुस्तकातून किंवा एनपीटीईएलच्या व्याख्यानांतून घ्या. आयआयटीतल्या शिक्षकांची ती व्याख्यानं फुकट आहेत.

विषय राहिला तर

राहिलेल्या विषयाला पुण्यात 'बॅक' म्हणतात, मुंबईत 'केटी'. राहिली म्हणून आयुष्य संपत नाही, हे मी त्या मुलांच्या डोळ्यांत बघून अनेकदा सांगितलंय. पण हिशेब मात्र कडक ठेवावा लागतो. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या नियमांत पहिल्या वर्षाचे किमान निम्मे क्रेडिट मिळाले तरच दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिसऱ्या वर्षाला जाताना पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं. नाहीतर वायडी, म्हणजे वर्ष घरी. म्हणून दुसऱ्या वर्षात पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय आधी. बहुतेकदा तो एम-वन किंवा मेकॅनिक्स असतो आणि त्याचा अभ्यास चालू सत्राच्या पीएलमध्ये होत नाही. जून किंवा डिसेंबरच्या सुट्टीतले तीन आठवडे त्यासाठी राखून ठेवा.

गुण अनपेक्षित कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, ती विषयाच्या शिक्षकांसोबत बसून बघा आणि मगच रिव्हॅल्युएशनचा अर्ज करा. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच परिपत्रक शोधा. मात्र रिव्हॅलच्या भरवशावर बॅकचा फॉर्म न भरणं ही चूक करू नका. दोन्ही करा.

आईवडिलांना एक विनंती. निकाल लपवला जातो तो रागाच्या भीतीने. मुलगा सांगायला आला तर पहिल्या दिवशी फक्त ऐकून घ्या. पुढच्या दिवशी त्याच्यासोबत बसून वरचा क्रेडिटचा तक्ता भरा.

डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला

पॉलिटेक्निकमधून आलेली मुलं वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये वर्गाच्या पुढे असतात आणि मॅथ्समध्ये मागे पडतात. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री असतो: लाप्लास, फूरिए ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस, आकडेशास्त्र. त्याचा पाया एम-वन आणि एम-टूमध्ये आहे, जे त्यांनी केलेलेच नसतात. त्यात प्रवेश उशिरा होतो, त्यामुळे सत्राचे पहिले काही आठवडे गेलेले असतात. यावर उपाय एकच: डिप्लोमाचं शेवटचं सत्र संपल्यापासून प्रवेश होईपर्यंतच्या दिवसांत इंटिग्रेशन, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि डिफरन्शियल इक्वेशन रोज दीड-दोन तास करायचे. बदल्यात वर्गातल्या मुलांना लेथ आणि मल्टिमीटर शिकवा, ते तुम्हाला मॅथ्स शिकवतील. माझ्या वर्गात अशा जोड्या मी मुद्दाम लावतो.

दुसऱ्या वर्षापासून पुढे

दुसऱ्या वर्षात शाखेचा खरा विषय सुरू होतो. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स, मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स आणि सॉलिड मेकॅनिक्स, सिव्हिलला सर्व्हे आणि स्ट्रक्चर्सचा पाया, इलेक्ट्रॉनिक्सला सर्किट्स. यातला एक विषय तरी असा करा की त्यावर कुणीही काहीही विचारलं तर बोलता येईल. मुलाखतीत शेवटी "तुझा आवडता विषय कोणता?" असंच विचारतात.

तिसऱ्या वर्षी इलेक्टिव्ह, म्हणजे पर्यायी विषय, निवडताना 'स्कोरिंग' कोणता ते विचारू नका, चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट कशावर करायचाय ते आधी ठरवा. इंटर्नशिपला आता क्रेडिट आहेत. फक्त प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणापेक्षा चाकण, बुटीबोरी किंवा वाळूजच्या एखाद्या छोट्या कारखान्यात सहा आठवडे उभं राहिलात तर टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, म्हणजे काय ते कायमचं कळेल. 'स्वयं' या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट आपलं कॉलेज धरतं का, ते नोंदणीच्या आधी लेखी विचारून घ्या.

गेट परीक्षा तिसऱ्या वर्षालाही देता येते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि गुण तीन वर्षं चालतात. एम. टेक.ची किंवा सरकारी कंपन्यांची इच्छा असेल तर तिसऱ्या वर्षी एकदा बसून बघाच. कॅम्पस प्लेसमेंटला बहुतेक कंपन्या चालू बॅक नसण्याची आणि दहावीपासून ठराविक टक्क्यांची अट घालतात, त्यामुळे सातव्या सत्राच्या सुरुवातीला पाटी कोरी हवी.

प्रोजेक्टबद्दल एवढंच: विकत घेऊ नका. बाजारात तयार मिळतात, सगळ्यांना माहीत आहे, परीक्षकालाही. गावच्या कांदाचाळीतल्या ओलाव्याची नोंद ठेवणारं साधं उपकरण, जे दोनदा बिघडलं आणि तुम्ही तिसऱ्यांदा चालू केलं, ते चकचकीत विकतच्या मॉडेलपेक्षा कितीतरी वजनदार ठरतं. दर आठवड्याची डायरी ठेवा: काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं. अहवालाचा निम्मा मजकूर त्यातूनच तयार होतो.

शेवटचे कागद

आठव्या सत्राचा निकाल लागला की मुलं नोकरीच्या गावी निघून जातात आणि कागद मागे राहतात. निघण्याआधी सगळ्या सत्रांच्या मूळ मार्कशीट एका फाइलमध्ये लावा, बॅक सुटल्यानंतरच्या नव्या मार्कशीटसकट. परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार बंद लिफाफे आत्ताच काढून ठेवा, नंतर पुण्याबाहेरून ते काम जड जातं. पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, पदवीदान समारंभासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अर्जात नाव देवनागरीतही भरायचं असतं. तिथे घाईत टाइप करू नका. ऱ्हस्व-दीर्घ, आईचं नाव, आडनावातला 'ळ' की 'ल', हे घरी वडीलधाऱ्यांना दाखवून मगच अर्ज पाठवा.